आमगावची पांढरी आठशे

आर.सी. बुकात तिचा रंग पांढरा लिहिला आहे. तो दिवाळीच्या आसपास दोन-चार दिवस खरा असतो, तेही कोणी मनावर घेऊन धुतली तर. एरवी उन्हाळ्यात ती देवरी रस्त्याच्या धुळीच्या रंगाची, रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या आणि मळणी सुरू झाली की धानाच्या भुशाच्या रंगाची. पाटीवर एमएच-३१, म्हणजे माहेर नागपूरचं. इकडे गोंदिया जिल्ह्यात आमगावला आली ती सेकंडहँड. नव्वदच्या दशकातली मारुती ८००: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बारा इंची चाकं, कार्बोरेटर आणि डॅशबोर्डवर हाताने ओढायचा चोक. घराच्या अंगाला टिनाचं शेड आहे. एका बाजूला वर्षानुवर्षं धानाची पोती असायची, दुसऱ्या बाजूला सायकली आणि फवारणीचा पंप, आणि उरलेल्या जागेत ती. दार पूर्ण उघडत नाही, त्यामुळे तिच्यात बसायचं तर अंग चोरून शिरावं लागतं. पाहुण्यांना याचं हसू येतं, आम्हाला सवय झाली आहे.

गल्लीत तिची ख्याती रुसकी म्हणून आहे. सकाळी सेल्फचा आवाज लांबला की समोरच्या ओट्यावरून कोणीतरी म्हणतंच, “रुसली का जी गुरुजी, मारोती?” मला हा आरोप मान्य नाही. रुसणाऱ्याला आपली समजूत काढून हवी असते. हिला पॉइंट साफ करून हवे असतात. रुसणारा माणूस कारण सांगत नाही, तुम्हीच ओळखा म्हणतो. ही मात्र चावी फिरवल्यापासून पुढच्या दोन सेकंदांत आपल्याला काय झालं आहे ते सांगून मोकळी होते. आवाजाने सांगते, वासाने सांगते, कधी काहीच आवाज न करता सांगते. ऐकणाऱ्याला ती भाषा येत नसेल, तर त्यात तिचा काय दोष?

तिचं खानदान मोठं आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते आणि सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. ती गाडी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. २०१० मध्ये ते गेले आणि ती पहिलीवहिली आठशे उभ्या उभ्या गंजत राहिली. पुढे तिची डागडुजी होऊन ती कंपनीच्या मुख्यालयात मानाने उभी केली गेली, ही गोष्ट वेगळी. त्याच २०१० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज-४ चे नियम आले, तेव्हा तेरा मोठ्या शहरांतून आठशेची विक्री थांबली. आमच्यासारख्या भागात ती त्यानंतरही नवीकोरी मिळत होती. जानेवारी २०१४ मध्ये शेवटची आठशे कारखान्यातून बाहेर पडली. तोवर देशात २५ लाखांहून जास्त तयार झाल्या होत्या. आमची त्यातली एक. तिने नवरी नेली आहे, बियाण्याच्या पिशव्या नेल्या आहेत, अडलेली बाई गोंदियाच्या दवाखान्यात वेळेत पोहोचवली आहे आणि नवेगावबांधच्या सहलीला किती माणसं नेली ते आर.टी.ओ.च्या कानावर न गेलेलं बरं.

तिची भाषा ज्याला येते तो मिस्त्री देवरी रस्त्यावर बसतो. त्याच्या दुकानाला पाटी नाही. टिनाखाली एक बाक, भिंतीला टांगलेले पाने, पेट्रोलने भरलेलं टमरेल आणि त्यात भिजत पडलेली कोणाच्या तरी कार्बोरेटरची जेटं. नवशिका माणूस त्याच्याकडे जाऊन सांगतो, “चालूच होत नाही, बहुतेक क्वाइल गेली.” मिस्त्री मान वर न करता म्हणतो, “दवाई मी पायतो जी, तुमी बिमारी सांगा.” मग त्याचे प्रश्न सुरू होतात. रात्री उभी केली तेव्हा कशी होती? दव पडलं होतं का? काल पेट्रोल कुठून भरलं? सेल्फ फिरते का? फिरते तर कशी फिरते? या शेवटच्या प्रश्नाला गिऱ्हाईक हमखास अडखळतं. फिरते म्हणजे फिरते, त्यात कशी काय? मिस्त्री तेव्हा बाकावरून उठतो, गाडीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, “मंग मले नोका सांगू. तिले इचारू.”

आणि चावी फिरवतो.

काहीच आवाज आला नाही, तर तो आधी हेडलाइट लावतो आणि मग पुन्हा चावी फिरवतो. दिवे विझत आल्यासारखे झाले, तर बॅटरी बसली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-निळसर खार जमून जोड सुटला आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि तरी सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. दोष स्विचमध्ये, तारेत किंवा सोलेनॉइडमध्ये. नुसतं एकदाच टक् झालं की सोलेनॉइडने काम केलं, पुढे मोटर अडली. टकटकटकटक अशी माळ लागली की बॅटरीत दम नाही. घर्रर्र करून सेल्फ एकटीच गरगरली आणि इंजिन जागचं हललं नाही, तर बेंडिक्सचे, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या गिअरचे, दात पकडत नाहीत. हे सगळं इंजिनाच्या आधीचं. म्हणजे बाई अजून दारातच आहेत, घरात कोणी विचारलंच नाही.

लोक हॉर्न वाजवून बघतात आणि बॅटरी ठणठणीत असल्याचा निकाल देतात. हॉर्नला लागतात चार-सहा अँपिअर. सेल्फला थंड इंजिन फिरवायला शंभराच्या वर लागतात. हॉर्न वाजला याचा अर्थ इतकाच, की बॅटरी अगदीच मेलेली नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली घसरली, की मिस्त्री मीटर बाजूला ठेवून पाण्याची किटली मागवतो. टर्मिनलवर कोमट पाणी ओतून, सँडपेपर मारून, नट घट्ट करून पुन्हा मोजतो. नवी बॅटरी विकण्याची संधी त्याने अशी कितीदा घालवली आहे. व्यवहारात कच्चा आहे, असं त्याची बायको म्हणते.

सेल्फ नीट फिरते आहे पण इंजिन पकडत नाही, तिथून खरी मुलाखत सुरू होते. आठशेचं इंजिन निरोगी असेल तर सेल्फवर फिरताना त्याचा आवाज उखळात मुसळाने कांडल्यासारखा पडतो, घाव बरोबर, अंतर बरोबर. तीनपैकी एका सिलिंडरचं कंप्रेशन गेलं की दोन घाव पडतात आणि तिसरा पोकळ जातो. आणि सेल्फ एकदम हलकी, सुसाट, विनाअडथळा फिरायला लागली तर मिस्त्रीचा चेहरा उतरतो, कारण ते टायमिंग बेल्ट तुटल्याचं लक्षण. बाकीच्यांना मात्र तेव्हाच वाटतं की वा, आज सेल्फ काय छान फिरते आहे.

कंप्रेशन ठीक असेल तर दोनच गोष्टी उरतात. मिस्त्रीच्या शब्दांत करंट आणि तेल. पेट्रोललाही तो तेलच म्हणतो. प्लग काढायचा आणि नाकाशी न्यायचा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल पोहोचलं आहे, ठिणगी पडत नाही, किंवा इतकं तेल गेलं आहे की ठिणगी बुडाली. कोरडा असेल तर तेलच आलेलं नाही. मग कार्बोरेटरचा पाइप सोडवून त्याचं तोंड बाटलीत धरायचं आणि सेल्फ मारायची. पंप डायफ्रॅमचा, कॅमशाफ्टवर चालणारा. त्यामुळे चिळकांड्या थांबून थांबून उडतात. उडाल्या तर पंप चांगला, दोष कार्बोरेटरमध्ये, फ्लोटची सुई चिकटली असेल किंवा जेटात कचरा असेल. नाही उडाल्या तर मागे जायचं, फिल्टरकडे, मग टाकीकडे. एकदा टाकीचं झाकण उघडल्याबरोबर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी त्याच क्षणी चालू झाली. झाकणाचं भोक मातीने बुजलं होतं. पेट्रोल बाहेर जात होतं, पण त्याच्या जागी हवा आत येत नव्हती. टाकीत ओढ तयार होऊन पंप हरला होता. दुरुस्तीचं सामान म्हणून त्या दिवशी एक खराट्याची काडी लागली.

ठिणगीचं म्हणाल तर तिचा दोष दिवसा कमी आणि रात्री जास्त दिसतो. हे मला मंडईत कळलं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, बाजार, सोयरेधायरे, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतं. सालेकसा तालुक्यातल्या एका गावी आम्ही असेच गेलो होतो. गाड्या कापणी झालेल्या बांधीत लावल्या होत्या, शेजारी बोडी. पहाटे नाटक सुटलं तेव्हा बोडीवरून धुकं उतरून बांधीत पसरलं होतं आणि आठशेच्या टपावरून पाणी ओघळत होतं. विदर्भातलं सर्वांत कमी तापमान हिवाळ्यात अनेकदा गोंदियाच्याच नावावर लागतं. त्या पहाटेचं थर्मामीटर कोणी पाहिलं नव्हतं, पण बायका चादरीतून हात काढायला तयार नव्हत्या.

चोक ओढला, चावी फिरवली. सेल्फ जडपणे फिरत राहिली. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. हे तिन्ही शत्रू एकाच वेळी चालून येतात. तरी ती फिरत होती, पकडत नव्हती. लगेच चहूकडून आवाज, धक्का मारा, धक्का मारा. आपल्याकडे बंद गाडी दिसली की धक्का मारण्याचा मोह राजालाही आवरत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धानाच्या खुंटांवरून, धुऱ्यापर्यंत तिला ढकलत नेली. नाटकातला पोलीस पाटील, अजून मिशी लावलेला, तोही मागून जोर लावत होता. ती काही बोलली नाही. बोलणार कशी? बॅटरी बसलेली असती तर धक्क्याने काम भागलं असतं. इथे इंजिन सेल्फवरही फिरतच होतं. जो प्रश्न तिने विचारलाच नव्हता त्याचं उत्तर आम्ही सगळे मिळून ढकलत होतो.

गर्दीत एका गॅरेजात काम करणारं पोरगं निघालं. वय सतरा-अठरा. त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणालं, “सगळ्या बॅटऱ्या बंद करा जी. मोबाइलची बी. आता सेल्फ मारा.” अंधारात सेल्फ फिरली आणि डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीवरून निळे धागे पळायला लागले. टोपीपासून तारेवर, तारेवरून इंजिनाच्या लोखंडात. बघणाऱ्यांनी हाय म्हटलं. क्वाइलमधून येणारा करंट १५-२० हजार व्होल्टचा असतो. त्याला प्लगच्या फटीतून, दाबलेल्या हवेत उडी मारायची असते. पण टोपीवर दवाचा पापुद्रा असला की त्याला बाहेरूनच सोपी वाट मिळते. सोपी वाट मिळाल्यावर अवघड उडी कोण मारतो? पोराने डेल्कोची टोपी काढली, गळ्यातल्या दुपट्ट्याने आतून-बाहेरून पुसली, नाटकवाल्यांच्या शेकोटीजवळ धरली. तारा पुसल्या. टोपी बसवली. पहिल्याच चावीला गाडी चालू. पोलीस पाटलाने टाळ्या वाजवल्या. पोराने पैसे घेतले नाहीत, गाडीत जागा घेतली.

डेल्कोच्या टोपीत नुसता ओलावा असेल तर पुसून भागतं. कधी आतल्या बाजूला केसाएवढी काळी रेघ असते. तिथून करंटने कायमची पायवाट पाडलेली असते. ती पुसली जात नाही, टोपीच बदलावी लागते. टोपीच्या खाली पॉइंट, क्वाइलचा करंट जोडणारे-तोडणारे. त्यांची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. ती मोजायला गेज असतो, पण आमचा मिस्त्री जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घालून बघतो आणि नंतर गेज लावून दाखवतो, तुमच्या समाधानासाठी. पॉइंट जळून खडबडीत झाले की ठिणगी निळ्याऐवजी पिवळी, मरतुकडी पडते. दिवसा ऊन असताना हे कळत नाही. म्हणून तो प्लग इंजिनाला टेकवून आपल्या सावलीत बघतो.

तिच्या स्वभावात खोटेपणा नाही असं मी सांगतो खरा, पण एक गोष्ट तिच्याविरुद्ध जाते आणि ती लपवणं योग्य नव्हे. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, ती चालता चालता बंद पडते आणि मिस्त्री येईपर्यंत शहाण्यासारखी चालू होते. गोरेगाव ते कोहमारा रस्त्यावर हे नाटक तिने अनेकदा केलं. भर दुपारी सेल्फ मारून मारून आपण घामाघूम व्हावं, फोन करून माणूस बोलवावा, त्याने मोहाच्या सावलीत उभं राहून चावी फिरवावी आणि हिने लगेच घुर्रर्र करावं. त्या माणसाची नजर मग आपल्यावर. खेड्यापाड्यांत याला भूत म्हणायला कमी करत नाहीत.

भूत दोन प्रकारचं असतं. एक पेट्रोलचं. गरम इंजिनाजवळ पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही, तेल तुटतं. पंपावर ओलं फडकं टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत ठीक. आमच्याकडे प्रत्येक जुन्या गाडीच्या डिकीत यासाठी एक गोणपाटाचा तुकडा आणि पाण्याची कॅन असतेच. दुसरं भूत क्वाइलचं. आतली तार कुठेतरी तुटायला आलेली असते. गरम झाली की प्रसरण पावून जोड सुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. दोन्हींची बाहेरून लक्षणं एकच. मिस्त्रीने यावर दिलेली युक्ती साधी आहे: बंद पडल्याबरोबर, ती थंड होण्याआधी, जागच्या जागी बघायचं. ठिणगी आहे का नाही. ठिणगी असेल तर पंपावर फडकं. ठिणगी नसेल तर फडकं क्वाइलवर, आणि गाडी चालू झाली की सरळ दुकान गाठून क्वाइल बदलायची. आमच्या हिची क्वाइल निघाली. ती बदलल्यावर कोहमाऱ्याचं भूत पळालं. म्हणजे याही बाबतीत ती खोटं बोलत नव्हती. ती तापली असताना बोलत होती आणि आम्ही ती निवल्यावर ऐकायला जात होतो.

गोंदिया धानाचा जिल्हा. त्याचाही हिच्या प्रकृतीशी संबंध आहे. दिवाळीनंतर घरात धान आलं की पाठोपाठ उंदीर येतात, आणि शेडमधल्या पोत्यांपासून आठशेचं बॉनेट तेव्हा हातभर अंतरावर होतं. उबदार, अंधारी, मांजर न पोहोचणारी जागा. एका वर्षी ती चालू व्हायची, घुसमटायची, काळा धूर सोडून बंद पडायची. मिस्त्रीने एअर क्लीनरचं झाकण उघडलं, तर आत धानच धान. उंदराने पोत्यातून एकेक दाणा नेऊन फिल्टरच्या घरात कोठार भरलं होतं. इंजिनाला हवा कुठून मिळणार? ते सगळं धान मिस्त्रीने कागदावर काढून आमच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, “कोनतं व्हय जी हे, एचएमटी का जय श्रीराम?” दुसऱ्या एका वर्षी उंदरांनी प्लगच्या तारांचं रबर खाल्लं. तिसऱ्या वेळी खाल्ली ती सेल्फकडे जाणारी बारीक वायर. गाडी एकदम मुकी. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ गप्प. मिस्त्रीने बल्बला दोन तारा लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करंट कुठे थांबतो ते शोधलं आणि दातांच्या खुणा दाखवल्या. नवीन गाड्यांनाही हा त्रास आहेच, उलट त्यांच्यात तारा कितीतरी जास्त. फवारे, डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, लोक काय काय ठेवतात. आम्ही पोती दुसऱ्या खोलीत हलवली. तेवढं पुरलं.

तिला सर्वांत जास्त त्रास मात्र उंदरांनी दिलेला नाही. दिला तो हौशी माणसांनी. आमचा एक लांबचा भाचा, मोबाइलवर बघून बघून गाड्या दुरुस्त करणारा. एकदा ती सकाळी पकडेना, तर त्याने दिवसभरात प्लग नवीन टाकले, क्वाइल नवीन आणली, बॅटरी चार्जिंगला लावून आणली आणि तारा धुऊन-पुसून परत बसवल्या. संध्याकाळी तिची अवस्था सकाळपेक्षा वाईट. आता ती एखादा ठोका द्यायची, कार्बोरेटरमधून फाट् करून उलट फटका मारायची आणि थरथरून थांबायची. मिस्त्री आला, डेल्कोवर नजर टाकली आणि दोन तारांची अदलाबदल केली. आठशेच्या तीन सिलिंडरांत ठिणगी १-३-२ अशी पडली पाहिजे. तीनच तारा असल्यामुळे कुठल्याही दोन बदलल्या की क्रम उलटा होतो, १-२-३. एक सिलिंडर वेळेवर पेटतं, बाकी दोन भलत्याच वेळी. सकाळचा मूळ दोष वेगळाच होता, कार्बोरेटरच्या जेटात कचरा होता. भाच्याने ते उघडलंच नव्हतं, कारण त्याने बघितलेल्या व्हिडिओतल्या गाडीला कार्बोरेटर नव्हता. मिस्त्रीने त्याला विचारलं, “तारा काढल्या होत्या का जी भाऊ?” भाचा म्हणाला, “नाही काका, हातच नाही लावला.” नव्या क्वाइलचा डबा तेव्हा बाजूलाच पडला होता.

मला विचाराल तर गाडी दुरुस्त करणाऱ्यांचे दोनच वर्ग आहेत. एक शोधणारे आणि एक बदलणारे. बदलणाऱ्यांचीही गाडी कधीतरी चालू होते, कारण बदलत गेलं की शेवटी खरा भाग सापडतोच. फक्त काय बिघडलं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळत नाही, आणि बिल गिऱ्हाइकाला कळतं.

अलीकडे तिच्या खाण्यापिण्यात फरक पडला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. ते उसापासून होतं, मक्यापासून होतं आणि अन्न महामंडळाच्या तांदळापासूनही होतं. म्हणजे धानाच्या जिल्ह्यातली गाडी धानावर चालायला लागली म्हणा. पण हिची घडण इथेनॉलच्या आधीच्या काळातली. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला पहिला घोट तिथलाच मिळतो. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरमधले पॅकिंग फुगतात किंवा चिरतात. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली आणि नंतर चालू झाली नाही, तर आमचा मिस्त्री हल्ली आधी कार्बोरेटरच्या वाटीतलं तेल काचेच्या बाटलीत काढून दोन मिनिटं उजेडात धरतो. खाली वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करायची. रबरी पाइप त्याने एकदाच सगळे नवीन टाकून दिले. आठवड्यातून एकदा तिला देवरीच्या दिशेने चक्कर मारून आणावी, हा सल्लाही त्याचाच.

आय.टी.आय.मधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून आलेली पोरं त्याच्याकडे कामाला असतात. त्यांच्याकडे स्कॅनर आहे. नवीन गाडीच्या स्टेअरिंगखालच्या सॉकेटला तो लावला की गाडी स्वतःच आकडा सांगते, क्रँक सेन्सरचा सिग्नल नाही, अमुक नाही, तमुक नाही. मिस्त्रीला या यंत्राचा राग नाही. तो एवढंच म्हणतो, की आकडा गल्ली सांगतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष निघाला त्याच्या तुटलेल्या वायरमध्ये, असं त्याच्या दुकानात होत असतं, आणि वायर खाल्लेली असते त्याच जुन्या ओळखीच्या उंदरांनी. नवीन पोरं आठशेपाशी आली की आधी सॉकेट शोधतात. सॉकेट नाही म्हटल्यावर गोंधळतात. मग तो त्यांना प्लग काढायला लावतो, भोकावर अंगठा ठेवायला लावतो आणि सेल्फ मारतो. अंगठा उडाला पाहिजे. पोरं दचकतात, हसतात आणि कंप्रेशन म्हणजे काय ते त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही. शिकवण्यासाठी तो हिलाच वापरतो. इतर गाड्यांत अंगठा जाईल एवढी जागाच उरलेली नाही, असं त्याचं म्हणणं.

तिला ठेवणं आता स्वस्त राहिलेलं नाही. १५ वर्षांनंतरच्या नोंदणीला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. वर पर्यावरण कर, फिटनेसची तपासणी, विमा. भंगारवाला शेडकडे बघत दोनदा घरावरून गेला आहे. मुलगा म्हणतो, एवढ्या पैशात दुसरी काहीतरी बघू. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. पण जी गाडी बंद पडल्यावर का बंद पडली ते बसल्या जागी, एका पान्यात आणि एका बल्बात सांगते, ती गाडी मी काढणार नाही. शुल्क भरलं आहे.

तुमच्याकडे अशी एखादी असेल, किंवा अगदी नवीन का असेना, तर मिस्त्रीकडे जाताना एवढं करा. नुसतं ‘चालू होत नाही’ सांगून थांबू नका. गार असताना अडते की तापल्यावर ते सांगा. रात्री पाऊस-दव होतं का, सेल्फ फिरते का आणि कशी फिरते, पेट्रोलचा वास येतो का, टाकीत किती आहे, काटा काय दाखवतो ते नव्हे, शेवटचं कधी भरलं ते सांगा. आणि आधी घरी कोणी काय काय उघडून बघितलं होतं तेही सांगा. हे शेवटचं तर अगदी खरं सांगा.